देवाची झिजलेली वहाण

नवव्यांदा गोव्याला आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला चर्च दाखवतात, दुसऱ्यांदा येणाऱ्याला किल्ला, तिसऱ्यांदा आला की होडीत बसवतात आणि पुढे सगळे हात वर करतात. मी साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आपण काही पाहायचं बाकी ठेवलंय, ही कल्पनाच मला सोसत नाही. आणि पाहायचं काही बाकी नाही, ही तर मुळीच नाही. त्यामुळे मांद्र्याला हर्षाच्या घरामागच्या नेहमीच्या खोलीत बॅग टाकल्या टाकल्या मी तिला सुनावलं, "तुझ्या गोव्यात आता काही उरलं नाही बघ. पुढच्या डिसेंबरात मी दुसरीकडे जाणार."

हर्षा दारात पाववाल्या पोदेराकडून उंडे घेत होती. पाव मोजून परडीत टाकेपर्यंत तिनं मान वळवली नाही. मग म्हणाली, "बाई, म्हापशाक बस स्टँडार भैरू म्हणून एक आसा, चपला शिवता. तुमच्यासारके परत परत येतत, ते ताकाच विचारतत."

आता हे म्हणजे अतीच झालं. भूगोलाच्या बाईंनी गोवा चपला शिवणाऱ्याला विचारायचा! पण माझ्या सँडलचा पट्टा खरोखरच तुटायला आला होता, म्हणून शुक्रवारी बाजारासाठी म्हापशाला गेले तेव्हा मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

पेडणे आणि डिचोलीच्या गाड्या लागतात त्या बाजूला, निळ्या प्लास्टिकखाली, भैरू लाकडी पेटी मांडून बसला होता. पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं सँडल हातात घेतलं, पट्ट्याकडे पाहिलंच नाही. उलटं करून तळ बघत बसला. इतका वेळ, की मला संकोच वाटायला लागला.

"बाई, गोव्याला किती येळा आलाय?"

"नऊ."

"नऊबी येळा वाळूतच फिरलाय तुमी. हे बघा, फुडचा भाग घासलाय, टाच हाय तशी हाय. डोंगर चढून उतरला असता तर टाच अशी ऱ्हायली नसती. गोवा चढला न्हाई तुमी."

मी शाळेत कुणाचं ऐकून घेतलं नाही, इथे घेणार होते का? म्हटलं, "भाऊ, पट्टा शिवा." त्यानं पट्टा शिवला, मेण लावलेला दोरा दातानं तोडला आणि मला पेडण्याकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथे खाडीच्या बांधावर मानस आहे, भरतीच्या वेळेला जाऊन नुसतं बसायचं. अट एकच. गावाचं नाव परत गेल्यावर कुठे लिहायचं नाही. म्हणून मीही इथे ते लिहीत नाही.

मी रागारागानंच गेले. मानस म्हणजे बांधातली लाकडी दारं. आत शेतं, बाहेर खाडी. मी बांधावर दोन तास बसले. भरतीचं पाणी चढायला लागलं तशी ती जुनी, शेवाळलेली दारं कुणी हात न लावता हलली, कण्हल्यासारखा आवाज करत एकमेकांना भिडली आणि बंद झाली. खारं पाणी बाहेर तटलं. ओहोटी लागली की याच दारांनी आतलं पाणी आपण होऊन बाहेर जाऊ द्यायचं. ना यंत्र, ना माणूस. भरती-ओहोटीवर मी एकतीस वर्षं फळ्यावर बाण काढले होते. त्या दिवशी कळलं, की समुद्राला दार लावता येतं हे इथल्या माणसांना माझ्या पुस्तकांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. मी एकटीच होते, म्हणून सांगते, मी त्या दारांना हात जोडले.

त्यानंतर मी रोज म्हापशाला जायला लागले. भैरूनं मला डिचोलीकडे एका डोंगराच्या पोटातल्या झरीवर पाठवलं. तिथे ऐन दुपारी पाण्यातून वाफ निघावी तसा गारवा येतो. एकदा पेडण्याच्या सड्यावर पाठवलं. तिथे कातळात कुणी कधीकाळी कोरलेले प्राणी आहेत आणि गुराखी त्यांच्या शिंगांवर बसून भाकरी खातात. परत आले की तो आधी माझं सँडल मागून घ्यायचा. तळ पाहून हसायचा. "आता कसं!" म्हणायचा.

बोलता बोलता त्याची स्वतःची हकिकत कळत गेली. भैरू मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, कागलच्या बाजूचा. वडील कोल्हापुरी चपलांचे नावाजलेले कारागीर. कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं घरात. त्यांचा एक दंडक होता. "आपण करणारं, सांधणारं न्हवं." तुटलेली चप्पल घेऊन कुणी आला, तर ते त्याला बाजाराची वाट दाखवायचे. वडील गेले, घरचा धंदा थोरला भाऊ महादेव याच्या एकट्याच्या पोटापुरता उरला, आणि भैरू सव्वीस वर्षांपूर्वी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या बादल्या करायला आला. चार वर्षांनी तो कारखाना बंद पडला. तेव्हापासून तो स्टँडवर बसून लोकांच्या चपला सांधतो.

"घरी म्हाईत हाय?" मी विचारलं.

भैरूनं आरी खाली ठेवली. "दादाला वाटतं, गोव्यात माझं चपलांचं दुकान हाय. नव्या चपलांचं. म्या केलेल्या. बावीस वर्सं असंच सांगतोय, बाई."

त्यानं खाली ठेवलेली आरी उचलून मी परत त्याच्या हातात दिली.

दोन दिवसांनी गेले तर त्याचा चेहरा खुलला होता. पेटीमागून त्यानं एक पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं काढलं. फडकं सोडलं आणि मी आपोआप एक पाऊल मागे सरकले. आत वहाणांचा जोड होता. एकेक वहाण हातभर लांब, तळ चार बोटं जाड. तसा पाय असलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या वेताळाच्या त्या वहाणा होत्या. देव रात्री गावाची शीव फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दर वर्षी जत्रेच्या आधी गाव त्याला नवा जोड वाहतो. आजवर तो गावातल्या एकाच घरातून यायचा. त्या घरातला शेवटचा करणारा म्हातारा गेल्या पावसात वारला. त्याचा मुलगा साईश मुरगावला बंदरात नोकरी करतो, त्याला आरी धरता येत नाही. देवासमोर गाऱ्हाणं घालणारा सगुण घाडी एकदा म्हापशाला चप्पल शिवून घ्यायला आला होता. त्यानं भैरूचे टाके पाहिले आणि गावात शब्द टाकला. परगावच्या माणसाचा जोड देवाला चालेल का, हे देवालाच विचारायचं ठरलं. मापासाठी म्हणून त्यांनी भैरूकडे गेल्या वर्षीचा जुना जोड दिला होता.

"देवानं घेतला तर फोटू काढून दादाला धाडणार," भैरू म्हणाला. "मग मी करणाराच. बावीस वर्सांचं खोटं बोलणं एका दिसात खरं हुईल."

मग महिनाभर खपून केलेला नवा जोड त्यानं दाखवला. खरं सांगते, मी आयुष्यात चपलेकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. वेणी अशी, की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते सापडेना. बाजूच्या पट्ट्यांचे कान मऊ, तळ घोटून घोटून काळाभोर केलेला. मग त्यानं जुना जोड उलटा केला आणि माझ्या सँडलचा वाचला होता तसा देवाच्या वहाणेचा तळ मला वाचून दाखवला.

"हे आलं तवाचं सांगतो. उजवी टाच भाईरनं पार गेलीती. उतार उतरनाऱ्याची अशी जाते. डाव्याचा अंगठा तुटलावता. म्हंजे चढावर डावा पाय वढत चालतोय. शिवणीत तांबडी माती व्हती, त्याच्यावर खाजनातला काळा चिखल. डोंगर आन खाडी, दोनी केलंय ह्यानं. मी केलेला जोड मानूस रोज घालतो तर तीन वर्सं जातो. ह्यो एका वर्सात संपला."

देवाधर्माच्या बाबतीत मी काठावरची बाई आहे. मनात म्हटलं, उंदीर असतील. पण उंदीर टाच बाहेरच्याच बाजूनं कशाला खातील? आणि शिवणीत खाडीचा चिखल कोण नेऊन भरेल?

माझ्या मात्र एक गोष्ट उशिरा लक्षात आली. "आलं तवाचं" असं तो का म्हणाला? मी तळाकडे नीट पाहिलं. टाच भरलेली होती. अंगठा नवा होता. फाटलेला तळ वादीनं इतका बारीक शिवलेला, की बोट फिरवलं तरी जोड कळू नये.

"हे तुम्ही केलंत?"

भैरू जरा लाजला. "मापाला घेऊन बसलो आन ऱ्हाववेना, बाई. तुटलेलं समोर ठेवून झोप कशी लागंल? देवाचा पाय त्यो. अनवानी किती हिंडवायचा?"

मला ते फार आवडलं. आम्ही दोघंही परगावचे. त्यात काही चुकलंय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी देवाचा कौल घ्यायला आम्ही दोघं डिचोलीहून बसनं त्या गावाला गेलो. भैरूनं इस्त्रीचा सदरा घातला होता. मांडीवर दोन्ही गाठोडी. वाटेत त्यानं तीनदा मोबाइल काढून चार्जिंग पाहिलं, फोटोसाठी.

देऊळ लहान, कौलारू. सोप्यात शिरले आणि मान वर झाली ती खाली येईना. वासे दिसत नव्हते. वाशावाशाला वहाणा टांगलेल्या. शेकड्यांनी. काही इतक्या जुन्या, की चामड्याचं लाकूड झालेलं. प्रत्येकीची टाच गेलेली, प्रत्येकीचा तळ फाटलेला. वर्षानुवर्षं कुणीतरी माझ्या डोक्यावरून चालत गेलंय असं वाटलं. मी पटकन स्वतःचं सँडल काढून पायरीखाली ठेवलं, आणि तेही नीट जुळवून.

गावचे प्रमुख कृष्णनाथ गावकर पुढे आले. उंच, मितभाषी म्हातारे. त्यांनी नव्या जोडाचं फडकं सोडलं, मान डोलावली, मागच्या बायकांपैकी कुणी "बरें केलां" म्हणालं. मग त्यांनी जुना जोड घेतला, वर टांगण्यापूर्वी सवयीनं उलटा केला आणि तिथेच थांबले.

"हें कोणें शिंवलें?"

"म्या," भैरू म्हणाला, अजून हसतच. "फुकट केलं देवासाठी."

कृष्णनाथांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "अरे बाबा, ही शिंवपाची न्हय. देव भोंवलो ताची खूण ती. हो तळ पळोवन आमकां कळता, देव खंय गेल्लो, खंयची शीव राखली. एक वर्सभर देव चल्लो, आनी तें तुवें पुसून उडयलें."

भैरूच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. त्यानं वर पाहिलं, त्या शेकडो फाटक्या तळांकडे. एवढ्यांतली एकही कुणी सांधलेली नव्हती. मग त्याला कळलं, ती झीज म्हणजे देव वर्षभर कुठे कुठे फिरला त्याची खूण होती, आणि ती त्यानंच पुसून टाकली होती. मी शपथेवर सांगते, माणूस एका क्षणात म्हातारा होतो. त्यानं हात जोडले. "मला म्हाईत न्हवतं. तुटलेलं दिसलं. माझा हातच तसला."

"दोनूय जोड घेवन वच," मागून कुणीतरी त्याला बाहेरची वाट दाखवत म्हणालं. दोघातिघांनी दुजोरा दिला. मला भयंकर राग आला. त्यांचा नाही, माझाच. मी पाहिलं होतं, कौतुक केलं होतं. एवढी विचारणारी बाई मी, पण 'त्यांना विचारलंत का?' एवढं विचारायला काय झालं होतं?

तेव्हा सगुण घाडी उठला. बुटका, पान खाणारा, साठीचा. "वहाण तुजी काय माजी? जेची तेका विचारूया," म्हणाला आणि गाभाऱ्याकडे वळला.

वेताळ पुरुषभर उंच, काळ्या दगडाचा. पुजाऱ्यानं ओल्या पाकळ्या देवाच्या छातीवर डाव्या-उजव्या अंगाला चिकटवल्या. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगुणनं हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या दारात परगावच्या हातान नवो जोड घेवन लेकरू इलां. तो तुका मानता काय, तां सांग, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

भैरू डोळे मिटून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. मी, काठावरची बाई, मनात मोठ्यानं म्हणत होते, उजवी, उजवी, उजवी. पाच मिनिटं गेली असतील. समईची ज्योतसुद्धा हलत नव्हती.

डावी पाकळी पडली.

कृष्णनाथांनी नवा जोड उचलून फडक्यात गुंडाळला, हळूच, मान राखून, आणि भैरूच्या हातात दिला. महिनाभराची ती वेणी, ते घोटलेलं चामडं. दादाला धाडायचा फोटो. भैरूनं ते गाठोडं छातीशी धरलं आणि मान खाली घातली.

सगुणला अजून जुन्याचं विचारायचं होतं. पाकळ्या पुन्हा लावल्या. सांधलेला जोड वर टांगू का? डावी. नदीत सोडू? पुन्हा डावी. आता गावकरीच गोंधळले. टांगायचा नाही, सोडायचा नाही, नवा नको, मग देवाला हवं तरी काय? जत्रा तोंडावर आलेली, आणि देव अनवाणी. सगुण घामाघूम होऊन मागे वळला आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला.

भैरू खूप हळू बोलला. माझ्या शेजारी नसता तर मलाही ऐकू आलं नसतं.

"घालायला ठिवू का, म्हनून इचारा."

"कितें?" सगुणनं विचारलं.

"सांधल्यात न्हवं? मग घालता येतील. देवाला घालायच्या हायत का, तेवडं इचारा."

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. सांधलेली वहाण देवाच्या पायात? कृष्णनाथांच्या कपाळावर आठी पडली. पण सगुणनं पाकळ्या लावायला सांगितलं, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुजी जुनी वहाण—"

उजवी पाकळी पडली.

वाक्य पुरं झालं नव्हतं. "व्हय म्हाराजा" म्हणायला तोंड उघडलेली माणसं तशीच राहिली. वारा नव्हता. कुणी हललं नव्हतं. माझ्याकडे या गोष्टीचं काही स्पष्टीकरण नाही आणि मी ते शोधणारही नाही. मी पाहिलं, एवढंच. मी खांबाला धरून उभी होते.

कृष्णनाथ खाली वाकले. जुना जोड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि भैरूपुढे धरला. "तूंच दवर," म्हणाले. परगावच्या माणसाला त्यांनी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत नेलं. भैरूनं वहाणा देवापुढे ठेवल्या. उजवी किंचित पुढे, डावी मागे, चालायला निघालेल्या माणसाच्या ठेवतात तशा. मग तो तिथेच बसला आणि हमसून हमसून रडला.

निघताना सगुणनं त्याला सांगितलं, की यापुढे दर वर्षी जत्रेआधी येऊन देवाची वहाण पाहून जायची. नवा जोड करायचा नाही. तुटलं असेल ते सांधायचं.

बसला वेळ होता. रस्त्याकडेच्या दगडावर भैरू नव्या जोडाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. फोटो त्यानं काढलाच नव्हता. बऱ्याच वेळानं त्यानं मोबाइल काढला आणि नंबर लावला. मी उठून बाजूला जायला लागले, तर हातानंच 'बसा' म्हणाला.

"दादा? भैरू बोलतोय. दादा, एक सांगायचं हाय. माझं दुकान न्हाई. कवाच न्हवतं. म्हापशाच्या स्टँडावर बसून मी चपला सांधतो. बावीस वर्सं झाली." त्यानं मांडीवरचं गाठोडं सरळ केलं. "आज देवाच्या सांधल्या."

भैरू फोन कानाला घट्ट दाबून धरून बसला होता. मग महादेवचा आवाज आला, तो मलाही ऐकू आला.

"टाच कुठनं गेलती?"

"भाईरनं," भैरू म्हणाला. "उजवी." आणि दादाला समोर दिसावं तसं तो हवेत बोट फिरवून दाखवू लागला.